ठिगळाची साक्ष

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, एक छोटीशी चौकट तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. अनोळखी मृतदेह सापडल्याची पोलिसांची ती सूचना असते. वय अंदाजे इतके, उंची इतकी, बांधा मध्यम. आणि मग लगेच, अंगात निळ्या चौकटीचा सदरा, खाकी विजार, कमरेला काळा करगोटा. आपण ती ओळ वाचतो आणि पान उलटतो. पण ज्या घरातला माणूस परतलेला नाही, त्या घरात ती ओळ तीनतीनदा वाचली जाते. 'निळा चौकटीचा? आपल्याकडचा तर निळाच होता. पण चौकटी होत्या का हो त्याला?'

सूचनेत कपड्यांना एवढे महत्त्व का, हे पोलिसांना अनुभवाने ठाऊक असते. चेहरा पाण्याने फुगतो, उन्हाने काळवंडतो, ओळखू येईनासा होतो. कापड त्या मानाने चिवट. म्हणून मरणोत्तर पंचनाम्यात अंगावरच्या प्रत्येक कपड्याची नोंद करतात.

कपड्यावर दोन प्रकारच्या खुणा असतात. एक बाजाराच्या : गिरणीचा शिक्का, शिंप्याच्या नावाची पट्टी, धोब्याची खूण. आपल्याकडचे धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करीत आणि कितीही भट्ट्या झाल्या तरी तो डाग हटत नसे. इंग्रजीत तर बिब्ब्याला 'मार्किंग नट', म्हणजे खुणेची बी, असेच नाव पडले आहे. दुसऱ्या खुणा घरच्या : ठिगळ, रफू, उसवलेल्या जागी घातलेली उलटी टीप, नाडीची गाठ. या खुणांवर कोणाचे नाव नसते. त्या ज्याच्या हातच्या, त्यालाच वाचता येतात. आज मी जी हकीगत सांगणार आहे, ती या दुसऱ्या प्रकारच्या खुणांची आहे. घडली ती विलायतेत, पण तिचे एक टोक आपल्या मुंबईत आहे.

दिवस रविवारचा, २९ सप्टेंबर १९३५. स्कॉटलंडच्या दक्षिणेला मॉफट नावाचे लहानसे गाव आहे. तिथून एडिंबरोकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून दोनएक मैलांवर, एका ओढ्यावरचा पूल लागतो. गार्डनहोम लिन हे त्या घळीचे नाव. सुटीवर आलेली एक तरुणी पुलाच्या कठड्यावरून सहज खाली डोकावली, आणि पाण्याकाठच्या गाठोड्यातून बाहेर आलेला माणसाचा हात तिला दिसला. पोलिसांनी ओढा धुंडाळला, तेव्हा अशी आणखी गाठोडी निघाली. दोन देहांचे तुकडे तुकडे करून ते जुन्या कपड्यांत, चादरीच्या फाडलेल्या पट्ट्यांत आणि वर्तमानपत्रांच्या कागदांत गुंडाळून फेकलेले होते.

हे काम अडाण्याचे नव्हते. सांधे सुरीने नेमके सोडवलेले होते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की चेहऱ्यावरची आणि देहावरची जी जी खूण माणसाची ओळख सांगेल, ती ती काढून टाकलेली होती. डोळे, कान, नाक, ओठ नाहीसे केले होते. एका देहाच्या बोटांची टोकेही छाटलेली होती. हे कोण, हा प्रश्न तर राहिलाच. पण यात पुरुष कोण आणि स्त्री कोण, हेही आरंभी नीट कळेना. एक देह पुरुषाचा असावा असा पहिला तर्क झाला, आणि तो चुकीचा ठरला. ग्लासगोचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि एडिंबरोचे शरीरशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅश यांनी ते तुकडे जुळवून दोन्ही स्त्रियाच असल्याचा निर्वाळा दिला.

आता पुढे काय? शरीराने तोंड मिटले होते. उरले होते ते गुंडाळण्याचे कागद आणि कापड.

कागदांनी आधी दिशा दाखवली. त्यांत १५ सप्टेंबरच्या 'संडे ग्राफिक'चे एक पान होते. ते पान सगळ्या देशात गेलेल्या अंकाचे नव्हते. मोरकॅम आणि लँकेस्टर या भागापुरता त्या दिवशी एक खास अंक छापला होता, त्यातले ते होते. म्हणजे मॉफटच्या ओढ्यात पडलेले हे गाठोडे शंभरएक मैल दक्षिणेकडून, इंग्लंडातून आलेले असणार! त्याच सुमारास लँकेस्टरकडची एक बातमी छापून आली. तिथल्या एका डॉक्टरच्या घरी मुलांना सांभाळणारी मेरी रॉजरसन ही वीस वर्षांची मुलगी बेपत्ता होती. पोलिसांनी धागा जोडला.

त्या डॉक्टरचे नाव बक रक्स्टन. पण हे नाव त्याने मागाहून घेतलेले. १८९९ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात तो जन्मला, तेव्हा तो बख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम होता. वैद्यकीची पदवीही त्याने मुंबई विद्यापीठाचीच घेतली होती. पुढे तो विलायतेला गेला आणि १९३० पासून लँकेस्टरला डाल्टन स्क्वेअरमध्ये दवाखाना थाटून बसला. रोग्यांत तो लोकप्रिय होता. घरात मात्र तो संशयी आणि तापट होता. इझाबेला ही त्याची सहचरी; त्यांचे विधिवत लग्न झालेले नव्हते, पण तीन मुले होती. मेरीबरोबर इझाबेलाही दिसेनाशी झाली होती. दोघी एडिंबरोला गेल्या आहेत, असे डॉक्टर विचारणाऱ्यांना सांगत होता.

आता पोलिसांनी गाठोड्यातला एक ब्लाउज मेरीच्या सावत्र आईपुढे ठेवला. वाचकहो, या क्षणी क्षणभर थांबा. त्या बाईची कल्पना करा. पोर कुठे आहे हे ठाऊक नाही. समोर एक मळका, जुना कपडा. आणि त्याकडे पाहून तिने जे सांगायचे, ते तिच्या मनाला कधीही सांगावेसे वाटणार नाही असे.

तो ब्लाउज तिने जुन्या कपड्यांच्या विक्रीत घेतलेला होता. म्हणजे तो कोणत्या दुकानातला, पहिल्याने कोणी वापरला, याचा शोध घेऊन काही हाती लागले नसते. पण मेरीला देण्यापूर्वी काखेखाली तो विरलेला तिला दिसला होता, आणि तिथे तिने स्वतः ठिगळ लावले होते. तिने बाही उचलून पाहिले. ठिगळ होते. टाके तिचे होते.

दुसरा कपडा म्हणजे लहान मुलाचा रॉम्पर, वरचे अंग आणि चड्डी एकत्र शिवलेला पोशाख. त्याबद्दल ती छातीठोकपणे सांगू शकली नाही, आणि तिने तसे सांगितलेही नाही. हे तिचे मोठेपण. उगीच 'हो' म्हणाली असती, तर पुढे न्यायालयात तिची ठिगळाची साक्षही डळमळली असती. ग्रेंज-ओव्हर-सँड्स या समुद्रकाठच्या गावी डॉक्टरचे कुटुंब मेरीसह सुटीला गेले होते. तिथे ज्या बाईकडे ती मंडळी उतरली होती, तिला विचारा, असे तिने सुचवले. पोलीस तिकडे गेले. त्या बाईने रॉम्पर हातात घेतला आणि कमरेचे इलॅस्टिक पाहिले. डॉक्टरच्या मुलांसाठी म्हणून आपल्या घरातले काही कपडे तिने मेरीजवळ दिले होते, आणि त्यांपैकी या कपड्याच्या इलॅस्टिकला तिने आपल्या पद्धतीची एक गाठ मारली होती. गाठ तशीच होती.

तिसरी साक्ष चादरीची. देह ज्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळले होते ते तुकडे, आणि डॉक्टरच्या घरात पलंगावर असलेली चादर, मँचेस्टरच्या कापड-तपासणी संस्थेतल्या तज्ज्ञाने शेजारी ठेवून पाहिल्या. विणकराच्या घरात वाढलेल्याला हे लगेच कळेल, की कापडाचा काठ म्हणजे मागाची सही. ताण्यातला एखादा धागा चुकला, की ती चूक काठाकाठाने पुढे जात राहते, कोणाच्या लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंत. या दोन्ही कापडांच्या काठाला तोच, अगदी तसाच दोष होता. दोन्ही एकाच मागावरून उतरली होती. ज्या लँकेशायरच्या कापडाच्या आपल्याकडे होळ्या झाल्या, त्या लँकेशायरने त्या कापडाची इतकी बारीक पारख जपलेली होती, हेही इथे नमूद केले पाहिजे.

आता गंमत पहा; गंमत तरी कशी म्हणावी! याच डॉक्टरला कपड्यावरची खूण कळत नव्हती, असे मुळीच नाही. १५ सप्टेंबरला त्याने आपल्याकडे येणाऱ्या एका रोगी बाईला घर साफ करायला बोलावले होते. डाग पडलेले गालिचे आणि स्वतःचा एक सूट त्याने तिला देऊन टाकला. पुढे तो लगबगीने तिच्याकडे गेला आणि सुटाच्या आत शिवलेली आपल्या नावाची पट्टी काढून टाकायला लावली. ती पट्टी कापून विस्तवात टाकली गेली. म्हणजे शिंप्याने शिवलेले नाव त्याच्या ध्यानात होते. देहाच्या खुणा तर त्याला तोंडपाठ, वैद्यच तो. मेरीच्या डोळ्यांत तिरळेपणा होता, म्हणून डोळे गेले. पण काखेखालचे ठिगळ? इलॅस्टिकची गाठ? घरातल्या बायका दिवेलागणीला बसून जे काही सुईदोऱ्याने करतात, त्याकडे त्याने जन्मात कधी पाहिले नसावे. त्याच्या दृष्टीने ती चिंधी होती, गुंडाळायला बरी. ज्या दोन बायकांनी ती चिंधी होऊ दिली नव्हती, त्यांनीच त्याला गाठले.

१३ ऑक्टोबरला त्याच्यावर मेरीच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला, नोव्हेंबरात इझाबेलाच्या. मार्च १९३६ मध्ये मँचेस्टरला खटला चालला तो इझाबेलाच्या खुनाचा. बचावाला नॉर्मन बर्केट यांच्यासारखे नामांकित बॅरिस्टर होते. १३ मार्चला ज्यूरीने दोषी ठरवले, अपील फेटाळले गेले, आणि १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्यानंतर त्याचा लेखी कबुलीजबाब प्रसिद्ध झाला.

मात्र नुसत्या ठिगळावर कोणी फासावर गेले असे समजू नका, आणि जाऊही नये. कपडा उसना घेता येतो, विकता येतो, चोरता येतो. दुसऱ्याच्या अंगावर चढवताही येतो. गाठोड्यात मेरीचा ब्लाउज आहे, एवढ्याने आत मेरी आहे असे ठरत नाही. ते ठरवायला दुसरे पुरावे लागले. मेरीच्या हाताचे ठसे घरातल्या वस्तूंवरच्या ठशांशी जुळले. प्रेतावरच्या अळ्यांच्या वाढीवरून मृत्यू केव्हाचा त्याचा अंदाज बांधता आला. कवटीचे छायाचित्र इझाबेलाच्या हयातीतल्या छायाचित्रावर बसवून पाहिले गेले. तिथेही पेहरावच मदतीला आला, बरं का! त्या छायाचित्रात तिच्या डोक्यावर मुकुटासारखा एक अलंकार होता. तो खरा अलंकार मोजून छायाचित्राचे प्रमाण काढले, म्हणून कवटी त्यावर मापात बसवता आली. कापडाने काम केले ते एवढे : कोणाला शोधायचे आणि कुठे, ते सांगितले. पण ते सांगितले नसते, तर ठसे जुळवायचे कशाशी?

हा क्रम आजही तसाच आहे. मोठ्या अपघातांत मृतांची ओळख पटवण्याचे जे नियम इंटरपोलने घालून दिले आहेत, त्यांत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांना पहिला मान आहे. कपडे आणि वस्तू दुय्यम, आधाराला. हे योग्यच आहे. तरी दुय्यम म्हणजे निरुपयोगी नव्हे. १९९५ साली बोस्नियातल्या स्रेब्रेनिका इथे सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले. तिथून निघालेल्या कपड्यांची आणि वस्तूंची छायाचित्रे काढून त्यांची पुस्तके करण्यात आली, आणि मागे राहिलेल्या आयाबाया ती पाने एकेक करून उलटत बसल्या. सारख्याच गिरण्यांचे सारखेच कपडे. त्यामुळे चूक होण्याचा धोका मोठा होता. २००१ पासून डीएनएच्या पद्धतीने तिथले काम पुष्कळ निश्चित झाले. पण त्या पानांवर त्या बायका काय शोधत होत्या, हे आपल्याला सांगायला नको. रंग नव्हे, छाप नव्हे. आपल्याच हातचा टाका.

म्हणून आज घरी जाल तेव्हा ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेली जुनी गोधडी जरा काढून पहा. कोणता टाका आजीचा, कोणता आईचा, हे तुमच्या घरात कोणाला तरी अजून सांगता येईल. ब्लाउजाच्या काखेत ठिगळ लावताना त्या बाईच्या मनात एवढेच असेल, की पोरीला तो अजून एक हिवाळा पुरावा. तिला दुसरे काही करायचे नव्हते. पोरीचे नाव मात्र त्या ठिगळाने परत आणले, आणि तिला बेवारस पुरले जाऊ दिले नाही.