आकड्यांनी बोलणारं लष्करी घड्याळ

"सातला निघा" असा निरोप आला, तर तो सकाळी सात की संध्याकाळी सात? घरात हा घोळ एका प्रश्नात मिटतो. खरखरत्या बिनतारी यंत्राला कान लावून निरोप उतरवणाऱ्या सैनिकाला ती सोय नसते. म्हणून लष्करानं चोवीस तासांचं घड्याळ धरलं. सकाळचे सात म्हणजे ०७००, संध्याकाळचे १९००. पुढे काट्यांवरून हिशेब करण्याचीही वेळ येऊ नये, वेळ सरळ आकड्यांत दिसावी, म्हणून बिनतारी केंद्रांत आणि नियंत्रण कक्षांत आकडे दाखवणारी विजेची घड्याळं आली. जुन्या वस्तूंच्या शौकिनांना आज ती भुरळ घालतात.

यांत दिव्यांचे चमकणारे आकडे नसतात. घरातल्या जुन्या वीजमीटरमध्ये आकड्यांची चाकं फिरताना आपण पाहिली आहेत, तोच हा प्रकार. पिट्सबर्गच्या पेनवुड कंपनीची 'टायमीटर' घड्याळं अशा चाकांचीच. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीनं चाकांऐवजी पडणाऱ्या पट्ट्या वापरल्या. स्थानकांवर आणि विमानतळांवर फडफडणारे फलक त्याच घराण्यातले.

या घड्याळांना लंबक नसतो. हेन्री वॉरन या अमेरिकी अभियंत्यानं १९१६ च्या सुमारास विजेच्या आवर्तनांशी पावलं जुळवून फिरणारी मोटार घड्याळात बसवली. थोडक्यात, घड्याळाचा लंबक वीजकेंद्रात गेला. आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं, अमेरिकेत ६०. त्यामुळे अमेरिकी लष्करी घड्याळ साताऱ्यात लावलं, तर तासाला दहा मिनिटं, दिवसाला चार तास मागे पडतं. पुष्कळ जण ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि घड्याळ तरीही मागेच का, म्हणून कारागिरावर चिडतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनं नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. काही जण आतली दातेरी चाकंच बदलून टाकतात. माझ्या मते ते करू नये. घड्याळ चालतं खरं, पण मूळ वस्तू मात्र हातची जाते.

वीज गेली की काय? सुरुवातीच्या काही विजेच्या घड्याळांना वीज परत आल्यावर हातानं चालना द्यावी लागे. आपोआप सुरू होणाऱ्या घड्याळांत वेगळाच धोका होता: घड्याळ चालू दिसतं, पण वेळ खोटी असते. म्हणून काहींत वीज खंडित झाल्याची खूण दाखवणारा लाल ठिपका ठेवला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि वीजनिर्मिती थांबली. हातानं सुरू करायचं घड्याळ अशा वेळी वीज गेल्याचा क्षण धरून ठेवतं; आपोआप चालणारं तो पुसून टाकतं.

पण साताऱ्या-सांगलीकरांना लष्करी वेळेची खरी झळ बसली ती निराळ्याच प्रकारे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं १ सप्टेंबर १९४२ पासून देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ते तसंच ठेवलं. तारीख नीट पाहा. दोनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० ला इस्लामपूरला गोळीबार झाला. (ही तिन्ही गावं तेव्हा सातारा जिल्ह्यातच होती, दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.) शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली ७ जून १९४३ ला, आणि वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले २४ जुलै १९४३ ला. प्रतिसरकारचा बहुतेक सगळा धुमाकूळ या पुढे ढकललेल्या तासाच्या आतला आहे.

एरवीही भारतीय प्रमाणवेळ आपल्याकडच्या सूर्यापेक्षा अर्ध्या तासाहून थोडी जास्त पुढे असते. त्यात हा एक तास मिळवला, की सूर्य डोक्यावर येईपर्यंत घड्याळात दीड वाजून गेलेला असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य सातनंतर मावळतो. १९४३ मध्ये घड्याळ तेव्हा आठच्या पुढे गेलेलं असणार. मग एखादे आजोबा "दिवस मावळताना" म्हणतात आणि कागदावर आठ वाजून गेल्याची नोंद सापडते. आजोबांची आठवण चुकली, असा शेरा मारण्यापूर्वी हा तास वजा करून पाहावा. गावातली माणसं दिवस मोजत होती उन्हावर, रेल्वे आणि कचेऱ्या सरकारी घड्याळावर. त्या काळावर लिहिणाऱ्यांनी या फरकाकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला वाटतं.

जमवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. युद्धानंतर परकी सैन्याचा बराच माल इथे विक्रीला निघाला, त्यामुळे जुन्या बाजारात अशी वस्तू मिळणं अशक्य नाही. घेताना मागची पट्टी वाचावी: व्होल्ट किती, आवर्तनं किती. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते. पट्टी चकचकीत नवी आणि पेटी जुनी, तर सावध व्हावं. चालू घड्याळ २३५८ वर लावून दोन मिनिटं थांबावं. एका दमात सगळी चाकं शून्यावर आली, तर यंत्र शाबूत. आकडे अर्धवट अडकले, तर दाते झिजलेत. अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले जुने लष्करी आकडे खरवडू नयेत. त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली, तरी रेडियम शेकडो वर्षं राहतं.

आणि अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावात कुणाच्या ट्रंकेतून असं काही निघालं, तर भाव विचारण्याआधी घरातल्या थोरांना विचारावं: कुणी आणलं, कोणत्या पलटणीत होते, कोणत्या साली परतले. ते कागदावर लिहून चिठ्ठी घड्याळाच्या पेटीत ठेवावी. पट्टीवरून कारखाना कळतो, माणूस कळत नाही.