पायगाडी, मोटार आणि कर्जतची कचेरी

नगर जिल्ह्याच्या, म्हणजे 2024 पासून ज्यास शासनदप्तरी अहिल्यानगर हे नाव मिळाले त्या जिल्ह्याच्या, दक्षिण टोकाला भीमेच्या तीरापर्यंत पसरलेल्या कर्जत तालुक्याचा इतिहास सांगू पाहणाराने गोदड महाराजांचे देवस्थान, राशीनची जगदंबा आणि सिद्धटेकचा सिद्धिविनायक यांच्यापासून आरंभ करावा असा शिरस्ता आहे, व तो योग्यही आहे. परंतु येथील सामान्य माणसाचे आयुष्य ज्या एका गोष्टीने सर्वाधिक घडविले, आणि प्रसंगी एका क्षणात मोडले, ती गोष्ट म्हणजे रस्ता. रेल्वेच्या वेळापत्रकात जे कर्जत आढळते ते रायगड जिल्ह्यातले; या कर्जतास आगगाडी नाही. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे 75 किलोमीटर दूर. त्यामुळे कज्जा असो, आजार असो, शिक्षण असो की बाजार असो, माणसाला जे काही साधायचे ते रस्त्यानेच साधावे लागे, आणि विसाव्या शतकाच्या मधल्या चार-पाच दशकांत ज्याच्यापाशी बैल नव्हता, मोटार तर नव्हतीच, त्याचे रस्त्यावरील एकमेव साधन पायगाडी, म्हणजे सायकल, होते.

या पायगाडीने केवढा भार वाहिला! डाकवाल्याची थैली, वाडीवरच्या शाळेचा मास्तर, कॅरिअरला दोहों बाजूंनी टांगलेल्या दुधाच्या किटल्या, पीठगिरणीवर न्यायचे बाजरीचे पोते, आणि दांडीवर बसविलेले पोर. यांतील काही नाही अशी सायकल त्या काळच्या राशीन किंवा मिरजगावच्या बाजाराच्या दिवशी क्वचितच दृष्टीस पडली असती. 1964 साली रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय कर्जतास निघाले, तेव्हा आसपासच्या गावांतील मुलांना कॉलेजचे शिक्षण घरची भाकर खाऊन घेता येऊ लागले, ते पुष्कळ अंशी सायकलीमुळे. ज्याला ती विकत घेणे परवडत नसे त्याला पेठेतल्या सायकलमार्टात तासाच्या भाड्याने मिळे. नगरपालिका असलेल्या शहरांत सायकलीवर कर असे, त्याचा पितळी बिल्ला दांडीस लावावा लागे. आणि संध्याकाळनंतर दिवा नसला किंवा मागे दुसरा माणूस बसविला तर शिपाई सायकल अडवून दंड करी. लहानशा वाहनाची एवढी काटेकोर झडती घेणारी ही व्यवस्था मोटारीच्या बाबतीत मात्र बराच काळ उदार राहिली.

मोटार आणि सायकल यांचा हा विषम सामना मोटारीइतकाच जुना आहे. 30 मे 1896 रोजी न्यू यॉर्क शहरात हेन्री वेल्स नामक गृहस्थ ड्युरिया बनावटीची मोटार हाकीत असता ती एका सायकलस्वारावर गेली, स्वाराचा पाय मोडला, आणि वेल्सला ती रात्र कोठडीत काढावी लागली; अमेरिकेतील मोटार-अपघातांच्या इतिहासात पहिली नोंद म्हणून दाखविली जाते ती हीच. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा कायदा 1914 साली झाला. त्याची जागा 1939 च्या अधिक विस्तृत कायद्याने घेतली. परंतु त्या कायद्यातील अत्यंत मोलाचे प्रकरण, म्हणजे मोटारीखाली सापडणाऱ्या त्रयस्थासाठी मालकाने विमा उतरविलाच पाहिजे हे बंधन, 1 जुलै 1946 पर्यंत अमलात आले नव्हते. त्या दिवसापूर्वी ज्याला मोटारीने लोळविले त्याच्या घरच्यांना मालकाच्या ऐपतीवर आणि नियतीवर अवलंबून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे दोनच वर्षांनी, 1 जून 1948 रोजी, राज्य परिवहनाची पहिली गाडी नगरच्या माळीवाड्यातून पुण्याकडे निघाली. एस.टी.ने खेड्यांवर जे उपकार केले ते निर्विवाद आहेत. तथापि खडीच्या अरुंद पट्टीवर मागून मोठे वाहन आले की सायकलस्वाराने कच्च्या बाजूपट्टीवर उतरावे आणि धुरळा खाली बसेपर्यंत थांबावे, हा रस्त्याचा अलिखित दंडकही त्याच सुमारास कायम झाला. तो कोणी ठरविला नव्हता; ज्याच्यापाशी हाडे मोडण्याचे भय अधिक त्याने बाजूला व्हावे, एवढाच त्याचा न्याय.

मग 1972 चा दुष्काळ आला. पर्जन्यछायेतल्या या तालुक्याला दुष्काळ नवा नव्हता, पण त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या आणि घरेच्या घरे दुष्काळी कामावर गेली. मे 1973 च्या सुमारास महाराष्ट्रात जवळजवळ 50 लक्ष माणसे अशा कामांवर होती, आणि त्या कामांत खडी फोडणे व रस्त्याचा भराव टाकणे यांचा वाटा फार मोठा होता. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कित्येक रस्त्यांखाली त्या वर्षी बायाबापड्यांनी हातोडीने फोडलेला दगड आहे. याच 1972 साली युरोपात हॉलंडमध्ये मोटारींखाली चिरडल्या जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी, बालहत्या थांबवा, अशी घोषणा करून चळवळ उभारली होती. तेथे 1971 या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली होती आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. त्या चळवळीतून आणि पाठोपाठ आलेल्या तेलटंचाईतून त्या देशाने सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधले, आणि मोटारीने सायकलस्वारास धडक दिल्यास भरपाईचा बोजा मुख्यतः मोटारवाल्यावर राहील असा कायदा कायम केला. ज्या वर्षी तेथील प्रजा रस्ता परत मागत होती, त्याच वर्षी येथील प्रजा पोटासाठी रस्ता घडवीत होती. आणि जो रस्ता तिने घडविला त्यावर तिच्या सायकलीसाठी हातभर रुंदीही राखून ठेवावी हे आखणी करणाऱ्या कोणाच्या मनात आले नाही. याची खंत वाटते, कारण जमीन तेव्हा होती आणि माणसेही होती.

अपघातानंतर काय घडे, याचा क्रम तालुक्यातील जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. प्रथम जखमीला उचलण्याचा प्रश्न. जवळ जे वाहन असेल ते, बैलगाडी, मालट्रक, पुढे टेंपो किंवा जीप, थांबवून त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, आणि तेथे डॉक्टरांनी मान हलविली की नगरच्या सिव्हिलची वाट धरायची. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने थांबणारे थोडे, आणि प्रकरण पोलिसांचे आहे म्हणून हात लावण्यास कचरणारे दवाखानेही होतेच. परमानंद कटारा यांच्या अर्जावर 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने आधी उपचार आणि मग कायद्याचे सोपस्कार असा निःसंदिग्ध निर्णय दिला; मदत करणाऱ्या वाटसरूला छळापासून संरक्षण 2016 मध्ये मिळाले; आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत धावू लागली. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी वाटेत किती श्वास गमावले असतील, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

दुसरा टप्पा ठाण्याचा. फिर्याद, जबाब, दोन पंच, घटनास्थळाचा पंचनामा, आणि वाकलेल्या चाकाची ती सायकल मुद्देमाल म्हणून जप्त. खटला संपेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात उन्हापावसात पडून राही, आणि सोडवून आणावी म्हटले तर तिची किंमत येण्याजाण्याच्या खर्चाइतकीही उरलेली नसे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल जुन्या दंडसंहितेत जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. पण घरातला कर्ता गेलेल्या बाईला चालकाच्या कैदेपेक्षा पोरांच्या भाकरीची विवंचना अधिक असते, आणि म्हणून ठाण्याच्या ओट्यावरच तडजोडीची बोलणी सुरू होत. गावचा पाटील किंवा एखादा पुढारी मध्यस्थ, गाडीमालकाकडून आलेला एक माणूस, मुद्रांकाचा कागद, त्यावर आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही असा मजकूर आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. अशा तडजोडींना सरसकट दोष देणे मला जमत नाही. मध्यस्थांपैकी पुष्कळांचा हेतू भला असे आणि रोख हाती येणारी रक्कम त्या घराला खरोखरच तारीत असे. तरी एवढे म्हणणे प्राप्त आहे की कायद्याने आपल्याला काय देऊ केले आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाचा अंगठा ही संमती म्हणता येत नाही.

कायद्याने देऊ केलेले तरी कोठे आणि कसे होते? 1855 च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याखाली वारसांना दिवाणी दावा लावता येई, पण त्यास मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागे. खडी फोडणाऱ्याच्या विधवेने ती कोठून आणावी? 1939 च्या मोटार कायद्यातील 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. मात्र अर्जाची मुदत होती साठ दिवसांची. त्यातले पहिले तेरा दिवस सुतकात जात, उरलेल्यांत कागद गोळा करायचे, वकील गाठायचा आणि नगरला खेटे घालायचे. 1969 मध्ये ही मुदत सहा महिने झाली, 1994 मध्ये मुदतीची अटच काढून टाकण्यात आली, आणि 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा बसविली, जी 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. मुदत काढून टाकण्यामागचा विचार अधिक दयाळू आणि अधिक शहाणपणाचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यायाधिकरणापुढे उभे राहिल्यावर दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. पहिला, चूक कोणाची? येथे सायकलला दिवा नव्हता, स्वार एकाएकी वळला, रस्त्याच्या मध्यावरून चालला होता, असे आक्षेप विमा कंपनीकडून हटकून येत, आणि ज्याने उत्तर द्यायचे तो तर गेलेला. दुसरा, मयताची मिळकत किती? पगाराचा दाखला असलेला माणूस सायकलवर क्वचितच असतो. मग सातबाराचा उतारा काढा, दूध संस्थेच्या पावत्या शोधा, ज्याच्या शेतावर तो राबत होता त्याला साक्षीला आणा. कित्येक घरांत दुधाच्या मापाची ती मळकट वही हाच त्या माणसाने आयुष्यभर काय मिळविले याचा एकमेव लेखी पुरावा ठरतो. 2009 च्या सरला वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मोजण्याची पद्धत एकसूत्री केली, त्याने लहरीपणा बराच घटला. पण त्या पद्धतीतील गुणाकारासाठी मिळकतीचा मूळ आकडा लागतोच, आणि तो सिद्ध करण्याचे कष्ट घरच्यांचेच राहिले.

चूक न विचारता काही द्यावे हा विचार आपल्या कायद्यात 1982 साली शिरला. मृत्यूसाठी 15,000 रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी 7,500, ही आरंभीची रक्कम. 1988 च्या नव्या मोटार कायद्याने मृत्यूसाठी 25,000, 1994 मध्ये 50,000, आणि आता नव्या तरतुदीनुसार मृत्यूसाठी 5 लक्ष व गंभीर दुखापतीसाठी अडीच लक्ष. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही तर वारसांना द्यावयाची रक्कमही 1982 चीच. ती 5,000 पासून चढत 1 एप्रिल 2022 पासून 2 लक्ष झाली आहे. या शेवटच्या मदतीचे वैशिष्ट्य असे की तिच्यासाठी नगरचे कोर्ट गाठावे लागत नाही. चौकशी करण्याचा अधिकार प्रांत, तहसीलदार किंवा तत्सम महसुली अंमलदारास दिलेला आहे. म्हणजे ज्या कचेरीत माणूस वारसनोंदीसाठी, पीकपाहणीसाठी, रेशनकार्डासाठी जन्मभर जातो, त्याच कचेरीत.

आणि तरीही हा दरवाजा जवळजवळ बंदच राहिला. एका ख्यातनाम सायकलस्वाराचा मृत्यू देशाला कळतो. 28 फेब्रुवारी 2024 रोजी नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने गेले, तेव्हा ती वार्ता सर्वत्र छापून आली. पण या तालुक्यातील माहीजळगावच्या चौफुल्यावरून पहाटे दूध घेऊन निघणाऱ्याच्या वाट्याला आली तर तालुक्याच्या बातमीपत्रातील तीन ओळी येतात, आणि त्यांत पुष्कळदा अज्ञात वाहन हे दोन शब्द असतात. देशभरात 2022 या एका वर्षी अशा पळून गेलेल्या वाहनांचे 67,387 अपघात आणि 30,486 मृत्यू नोंदले गेले. उलट त्यापूर्वीच्या पाच वर्षांत मिळून या योजनेखाली भरपाई मिळालेली मृत्यूची प्रकरणे होती 660 आणि दुखापतीची 113. हे आकडे पुढे ठेवूनच सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2024 रोजी आदेश दिला की महिन्याभरात वाहनाचा छडा लागला नाही तर ठाण्याने या योजनेची माहिती घरच्यांना लेखी कळवावी, आणि अपघाताचा अहवाल चौकशी अधिकाऱ्याकडे आपण होऊन धाडावा.

कर्जतात या आदेशाचे मोल विशेष आहे. मिरजगाव-माहीजळगाववरून जाणारा नगर-सोलापूर रस्ता आता चौपदरी झाला आहे आणि त्यावरील वेग जुन्या खडीच्या पट्टीवर कोणी कल्पिला नसता असा आहे. चतुर्थीला आणि सुटीच्या दिवशी अष्टविनायकाच्या मोटारी सिद्धटेककडे धावतात. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागे तांबडा दिवा नसताना रात्रभर चालतात, आणि त्यांना चुकविणारी मोटार कडेच्या सायकलवर येते. रस्त्याची रुंदी वाढली, तसे सायकलवर उरलेले लोक मात्र अधिकाधिक गरीब होत गेले: मजूर, वृद्ध, शाळेची मुले. त्यांच्यासाठी कर्जत आणि मिरजगावच्या ठाण्यांत त्या एका महिन्याची मोजदाद कोणी ठेवायची हे अंमलदाराच्या नावानिशी नेमून द्यावे. अर्जाचा मराठी नमुना पंचनाम्याच्या नकलेबरोबर घरी पोहोचवावा. आणि ग्रामसभेत ग्रामसेवकाने वर्षातून एकदा तरी, न्यायाधिकरणाकडील अर्जाच्या सहा महिन्यांच्या मुदतीसह, हे सारे वाचून दाखवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा कारकूनही लागत नाही.