ज्युडास ते कृष्ण, व्हाया परभणी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण हसत हसत सांभाळणाऱ्या आमच्या गावात माणसाने भीमसेन जोशींचा चाहता असावे. फारच हौस असेल तर गझलांचा. मी मात्र नंदू भेंड्यांचा आहे. तुम्ही म्हणाल, “कोण, ते फार्सवाले?” नव्हे, त्यांचे चिरंजीव.

वडील आत्माराम भेंडे, बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’मधून महाराष्ट्राला खुर्चीवरून पाडणारे. आई आशा भेंडे रंगभूमीवरच्याच. माहेर बेने इस्रायली, इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांच्या त्या भगिनी. अशा घरातला मुलगा बिघडून बिघडून बिघडणार किती, तर नाटकात जाणार. हा रॉक गायला लागला.

त्या सुमारास विलायतेतल्या रॉकवाल्यांना तीन मिनिटांचे गाणे पुरेनासे झाले होते. जेथ्रो टल नावाच्या मंडळींनी १९७२ साली तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणे काढले, सुमारे ४४ मिनिटांचे! याला म्हणे प्रोग्रेसिव्ह रॉक. जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला याचे काय नवल? कीर्तनातल्या आख्यानात लय अशीच चढते, कथा मध्येच थांबते, मृदंग एकटाच बोलू लागतो, आणि घरी जायचे नाव कुणी काढत नाही.

याच घराण्यातली चुलत शाखा म्हणजे रॉक ऑपेरा. वेबर आणि राइस यांचे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ अ‍ॅलेक पदमसींनी १९७४ साली मुंबईत उभे केले आणि नंदू ज्युडास झाले. तीस नाण्यांना गुरूला विकणारा हा शिष्य. आमच्या धंद्याच्या भाषेत, जगातला सर्वांत बदनाम रोखीचा व्यवहार. पण या ऑपेरात तो नुसता खलनायक नाही. गुरूचा गाजावाजा हाताबाहेर चालला आहे, ही शंका तोच बोलून दाखवतो.

१९७८ साली पु. लं.नी ब्रेख्तचे नाटक मराठीत आणले आणि जब्बार पटेलांनी ते बसवले: ‘तीन पैशाचा तमाशा’. त्यातही नंदू होते, आणि मराठी रंगमंचावर लावणीच्या शेजारी रॉकचा सूर मांडी घालून बसला. तीस नाण्यांवरून तीन पैशांवर! आमच्याकडे याला पदावनती म्हणतात. १९८२ साली बढती मिळाली. ‘डिस्को डान्सर’मध्ये कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारे गाणे नंदूंच्या गळ्यातले. ज्याने येशूला पकडून दिले, त्यानेच आठ वर्षांनी कृष्णाला आवतण धाडले. सर्वधर्मसमभावाचे इतके सोपे उदाहरण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही सापडायचे नाही.

ज्युडास रंगमंचावर आला तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. माझ्या वाट्याला आला तो गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यातून कृष्ण. गाव नाचणाऱ्या नटावर खूश होते. गळा कुणाचा, याची चौकशी कुणी केली नाही. मी पुढे नोकरीला लागल्यावर केली. जमा कुणाच्या नावावर करायची, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. नाव सापडले ते आजतागायत सुटलेले नाही.

पण शिल्लक तपासायला गेलो, तर ती फार थोडी. त्या पिढीतल्या मुंबईकर रॉकचे ध्वनिमुद्रण कमीच झाले. त्या रात्री ऐकणाऱ्यांच्या कानांत जमा राहिल्या, आणि ते कान आता सत्तरीपलीकडे गेले आहेत. २०१४ साली नंदू भेंडेही गेले.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने एक निधी सुरू केला. ज्या खात्यावर दहा वर्षे कुणी फिरकत नाही, त्यातली रक्कम बँकांनी तिकडे वर्ग करायची. वारस उगवला तर परत मिळते, पण त्याला मागायची बुद्धी व्हायला हवी! गाण्यासाठी तर असा निधीही नाही. तिथे खाते बंद म्हणजे बंद. म्हणून वर्षातून एकदा तरी मी या खात्यावर छोटासा व्यवहार करून ठेवतो. कुणाला तरी हे नाव सांगतो. यंदाचा व्यवहार तुमच्याशी झाला. पासबुकात नोंद करून घ्या.