घाटरस्ता कोणाचा? आल्प्समधील पिवळी बस आणि पिवळा फलक

१/ १७ ऑगस्ट १९००. स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडील ग्राउब्युंडेन या कॅन्टनच्या, म्हणजे प्रांताच्या सरकारने एक आदेश काढला: येथील कोणत्याही रस्त्यावर मोटार चालवण्यास मनाई. ही बंदी तब्बल पंचवीस वर्षे टिकली. आज त्याच दऱ्याखोऱ्यांत पदभ्रमंती करणारे पिवळ्या सार्वजनिक बसने पोहोचतात. बंदी ते बस हा प्रवास एका प्रश्नाभोवती फिरतो: डोंगरातील रस्ता कोणाचा?

२/ बंदी घालणारे लोक अडाणी नव्हते. घाटरस्ते अरुंद होते आणि ते घोडागाड्यांसाठी मोठ्या खर्चाने बांधलेले होते. मोटारीच्या आवाजाने घोडे बिथरत, धुळीने कडेची कुरणे माखत. शिवाय डोंगरी रेल्वेत प्रांताचा पैसा गुंतलेला होता. मोटारीतून येणारा पाहुणा श्रीमंत आणि परका; धूळ मात्र गावकऱ्यांच्या वाट्याला.

३/ या एका प्रश्नावर पंचवीस वर्षांत दहा वेळा मतदान झाले. (मताधिकार तेव्हा केवळ पुरुषांना होता.) दरम्यान प्रांतात शिरलेल्या मोटारींना घोडे जुंपून त्या ओढत नेल्याचे प्रसंगही घडले. अखेर २१ जून १९२५ रोजी मतदारांनी बंदी उठवली.

४/ मोटारीचे दुसरे रूप दरम्यानच्या काळात देशात इतरत्र आकार घेत होते. १८४९ पासून टपाल हे संघराज्याचे खाते होते, आणि डोंगरात पत्रे व प्रवासी एकाच घोड्यांच्या टपालगाडीतून जात. १ जून १९०६ रोजी टपाल खात्याने बर्न ते डेटलिगेन या मार्गावर पहिली मोटारबस सोडली. ही मोटार धनिकाची नव्हती. तिकीट काढणाऱ्या कोणाचीही होती.

५/ पहिल्या महायुद्धानंतर लष्कराचे जादा ठरलेले ट्रक टपाल खात्याने घेतले आणि त्यांवर प्रवासी आसने बसवली. १९१९ साली टपालबस सिम्पलॉन खिंडीतून धावू लागली. शतकभरापूर्वी नेपोलियनने आपल्या तोफा इटलीत उतरवता याव्यात म्हणून बांधवलेला हाच तो रस्ता. तोफांच्या वाटेवरून आता टपालाच्या थैल्या आणि सामान्य प्रवासी जाऊ लागले.

६/ आंधळ्या वळणांवर इशारा म्हणून बसला तीन स्वरांचा भोंगा मिळाला. हे स्वर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या १८२९ सालच्या संगीतिकेच्या प्रारंभिक वाद्यसंगीतातून घेतलेले आहेत. निळ्या फलकावर पिवळा टपाली कर्णा दिसला, की तो ‘डोंगरी टपाल रस्ता’. तेथे बसला अग्रक्रम असतो आणि तिच्या चालकाच्या सूचना इतर वाहनांना पाळाव्या लागतात. खासगी मोटार रस्त्यावर आली खरी, पण सार्वजनिक बसच्या मागे उभी राहून.

७/ या तडजोडीत एकाचा मात्र विसर पडला: पायी चालणाऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रस्त्यांवरून गुराखी, फेरीवाले, यात्रेकरू चालत आले होते. १९२२ ते १९३४ या काळात क्लाउझेन घाटात दहा वेळा मोटारशर्यती झाल्या. १९३४ च्या शर्यतीत रुडॉल्फ काराचिओला याने २१.५ किलोमीटरची चढण अवघ्या १५ मिनिटे २२ सेकंदांत कापली. अशा रस्त्यावर पादचारी कुठे मावणार?

८/ याच क्लाउझेन घाटातून झुरिच सरोवराकाठच्या माइलेन गावचे शिक्षक योहान याकोब एस्स आपल्या विद्यार्थ्यांना पायी घेऊन गेले आणि मोटारींच्या वर्दळीने हैराण झाले. त्यांनी रस्ता परत मागितला नाही. पायांसाठी वेगळी वाट मागितली. १५ डिसेंबर १९३४ रोजी ओटो बिंडर यांच्या सोबतीने त्यांनी पदभ्रमण मार्गांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. क्लाउझेनची अखेरची मोठी शर्यत आणि या संघटनेचा जन्म, दोन्ही एकाच वर्षातले.

९/ संघटनेने देशभर एकसारखे पिवळे दिशाफलक लावले. या फलकांवर लिहिलेले असते ते किलोमीटर नव्हे, तर चालण्यास लागणारा वेळ. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरून, चढउतार हिशेबात घेऊन तो काढला जातो. यंत्राच्या युगात अंतर पुन्हा माणसाच्या पावलांनी मोजले गेले.

१०/ तरीही डांबर पसरत राहिले आणि पायवाटा गिळत राहिले. तेव्हा हा प्रश्न थेट राज्यघटनेपर्यंत पोहोचला. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी पायवाटा व पदभ्रमण मार्गांविषयीच्या कलमावर देशभर मतदान झाले आणि सुमारे ७८ टक्के मते बाजूने पडली. त्याआधी १९७१ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. त्यामुळे या वेळचा कौल खऱ्या अर्थाने साऱ्या देशाचा होता.

११/ त्यानुसार १९८५ साली झालेला कायदा दोन गोष्टी सांगतो. एक: मार्ग नष्ट झाला, किंवा त्याचा मोठा भाग डांबराखाली गेला, तर पर्यायी मार्ग देणे बंधनकारक. दोन: पदभ्रमण मार्गांनी कोणती ठिकाणे जोडावीत, या यादीत रम्य प्रदेश आणि ऐतिहासिक स्थळांच्या बरोबरीने सार्वजनिक वाहतुकीचे थांबेही आहेत. बसथांबा आणि पायवाट यांचे नाते कायद्याने असे जोडले. आज हे जाळे सुमारे ६५,००० किलोमीटरचे आहे.

१२/ याचा अर्थ ग्राउब्युंडेनमधील आव्हर्स खोऱ्यात नीट उमगतो. खोऱ्याच्या टोकाला २,१२६ मीटर उंचीवर युफ हे चिमुकले गाव आहे. येथे माणसे बाराही महिने राहतात. देशातील अखेरची घोड्यांची टपालगाडी याच खोऱ्यात १९६१ पर्यंत चालली. आज बसचा शेवटचा थांबा येथे आहे. गावकऱ्यांसाठी ती जगाशी जोडणारा धागा, आणि पदभ्रमंती करणाऱ्यांसाठी वाटेचा आरंभ.

१३/ युफहून पायवाट स्टालरबर्ग खिंड ओलांडून बिव्हिओ गावी उतरते. ‘बिव्हिओ’ म्हणजे दुवाट: युलियर आणि सेप्टिमर या दोन प्राचीन खिंडींचे मार्ग येथे फुटतात. तेथेही पिवळी बस उभी असते. मोटारीने आलेल्याला आपल्या गाडीपाशी परतावेच लागते. बसने आलेला मात्र एका खोऱ्यातून शिरून दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकतो, जसे शतकानुशतके व्यापारी आणि यात्रेकरू उतरत आले.

१४/ १९०० साली ग्राउब्युंडेनने मोटारीला ‘नाही’ म्हटले. तो नकार टिकला नाही. मात्र त्यामागचा प्रश्न टिकला. रस्ता कोणाचा, याचे उत्तर आल्प्समध्ये एका वाक्यात मिळाले नाही. ते मतपेटीत, बसच्या भोंग्यात आणि पिवळ्या फलकावर थोडे थोडे करून लिहिले गेले.