माटुंग्याचे दिवे

बायोगॅसच्या इतिहासात एक वाक्य हमखास भेटते : मुंबईच्या कुष्ठधामात १८५९ साली मैल्यापासून गॅस तयार झाला. ते फळ्यावर लिहिण्याआधी जरा थांबू या. माटुंग्याचे हे कुष्ठधाम (पुढे ॲकवर्थ यांच्या नावाने ओळखले गेलेले) सुरूच झाले १८९० साली. मग त्याआधी ३१ वर्षे तिथे गॅस कसा निघेल?

घटना मात्र खरी आहे, साल १८९७. एकत्र राहणाऱ्या इतक्या रुग्णांच्या मैल्याची विल्हेवाट लावणे भाग होते. बंद टाकीत हवा शिरली नाही, तर काही जिवाणू मैला कुजवतात. त्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात. मिथेन जळतो. त्यावर माटुंग्यात दिवे लागले.

कल्पना अगदीच नवी नव्हती. १७७६ साली व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या गाळातून निघणारा ज्वलनशील वायू गोळा केला होता. १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉनने सांडपाण्याच्या टाकीतील गॅस दिव्यांसाठी वापरला.

समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीत, कोणी हात लावत नाही अशा मैल्यातून उजेड मिळाला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. साल मात्र त्यांनाच वजाबाकी करून तपासू द्या.