अंगावर काढलेलें दुखणें

‘दुखणें अंगावर काढणें’ हा मराठींतील वाक्प्रचार पुरुषांस क्वचित् आणि स्त्रियांस नित्य लागू पडतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा महाराष्ट्रांतील इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या मुळाशीं हीच खोड आहे असें पुष्कळांस वाटतें. बायका लाजतात, तपासून घेत नाहींत, आणि रोग हाताबाहेर गेल्यावर दवाखान्यांत येतात, असें म्हणून सुशिक्षित मंडळी मोकळी होतात.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीवर जी झोड उठली, तिला तें उत्तर होतें. रोगराई हा त्या पुस्तकाचा विषय नव्हे. परंतु दोष स्त्रीच्या माथीं मारण्यापूर्वीं तो खरोखर कोणाचा हें पाहा, ही त्यांची मागणी येथेंहि तितकीच रास्त आहे. ताराबाईंनीं पुस्तक लिहिलें तेव्हां आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्याहि नव्हत्या. त्या १८८३ त गेल्या. स्त्रियांनीं स्त्रियांवर उपचार करावे म्हणून निघालेलें मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ त उघडलें. वऱ्हाडांतील स्त्रीनें त्या काळीं आपलें दुखणें दाखवावें तरी कोणाला? तेव्हां ती गप्प राहिली यांत नवल कसलें!

वस्तुतः हा रोग फार सावकाश वाढतो. पेशी बिघडूं लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षें जातात, आणि तेवढ्या अवधींत तो हुडकून काढल्यास थोडक्या उपचारानें निपटतां येतो. पापानिकोलाऊ या ग्रीक वैद्यानें अमेरिकेंत पेशी पाहून निदान करण्याची रीत शोधली. तिच्यावरील त्याचा ग्रंथ १९४३ सालचा. पाश्चात्त्य देशांत या रीतीनें मृत्यु पुष्कळ घटले. परंतु तिला सूक्ष्मदर्शक हवा, जाणता तज्ज्ञ हवा, आणि निकाल ऐकण्यासाठीं त्या बाईनें पुन्हां यावयास हवें. खेड्यांत ही दुसरी खेपच घात करते.

याचा खरा उलगडा बार्शीस झाला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानें १९८७ सालीं बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवांची कर्करोगनोंद आरंभिली. रुग्णालयाच्या वहींत जे कधीं चढलेच नाहींत त्यांची नोंद व्हावी म्हणून कार्यकर्ते गांवोगांव फिरले, आणि फिरतां फिरतां लक्षणें समजावून सांगूं लागले. अवेळीं रक्त जाणें, अंगावरून दुर्गंधी पाणी जाणें हीं वयाचीं दुखणीं नव्हेत, एवढेंच तें सांगणें. तेवढ्यानेंहि स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकर येऊं लागल्या.

पुढें १९९९ सालीं तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मोठा प्रयोग सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. एका गटासाठीं पेशींची परीक्षा, दुसऱ्यासाठीं आम्लाचें पातळ द्रावण लावून होणारी पाहणी, आणि तिसऱ्यासाठीं रोगास कारण होणाऱ्या विषाणूचा शोध अशी योजना होती. तपासणी दारापाशीं आली तेव्हां बोलावलेल्या पांच स्त्रियांपैकीं जवळजवळ चार आल्या. मग ती लाज गेली कोठें?

२००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची परीक्षा एकदांच झालेल्या गटांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, आणि तपासणी न देऊं केलेल्या चौथ्या गटांत ६४. त्या चौसष्ट जणींबद्दल पुढें कडक टीका झाली. उपाय ठाऊक असतां एका गटास नुसतें माहितीवर ठेवणें न्याय्य होतें काय, हा आक्षेप सहज बाजूस सारतां येण्याजोगा नाहीं. ज्ञान सर्वांचें झालें, किंमत मात्र खेड्यांतील गरीब स्त्रियांनीं दिली.

आम्लाच्या पाहणीनें धाराशिवकडे मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. परंतु टाटा स्मारक रुग्णालयानें मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून तीच पाहणी दर दोन वर्षांनीं करविली, तेथें मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी झाले. पाहणी करणाऱ्या स्त्रिया दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांचें शिक्षण अवघ्या चार आठवड्यांचें!

केंद्र सरकारनें २०१६ सालीं तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पांच वर्षांनीं तपासणी व्हावी असें ठरविलें. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर भारतीय स्त्रियांत दोघींचीहि अशी तपासणी कधीं झालेली आढळली नाहीं.

बुलढाणें जिल्ह्यांत आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूनें जाते. खुद्द बुलढाण्यास अद्याप स्टेशन नाहीं. किरणोपचार आठवड्यांतून पांच दिवस, असा कित्येक आठवडे चालतो. सातपुड्याच्या पायथ्याकडील जी मजूर स्त्री त्यासाठीं नागपूर वा छत्रपती संभाजीनगर गांठते, तिच्या औषधाचा खर्च शासकीय योजनेंतून भागला, तरी कापसाच्या वेचणीची बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचें भाडें आणि घरीं ठेवलेलीं मुलें यांचा हिशेब त्या योजनेंत बहुधा मांडलेला नसतो. तो तिचा तिलाच करावा लागतो, आणि बहुधा वेचणी संपेपर्यंत ती थांबते.