पाटल्यांची फरशी

पाटसच्या आमच्या घराची फरशी १९७८ सालची. करड्या रंगावर काळे, पांढरे, तांबूस ठिपके. दहा इंची लादी, कडेने काळी पट्टी. गेल्या वर्षी भावाने ती उखडून व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायचा विषय काढला आणि आई जेवता जेवता ताटावरून उठली.

टेराझो हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी नाही, आपण मोझॅक म्हणतो. खरं मोझॅक म्हणजे तुकडा तुकडा मांडून केलेलं चित्र. इथे मात्र संगमरवराची चुरी सिमेंटमध्ये कालवून, दाबून, वरून घासलेली असते. व्हेनिसकडच्या कारागिरांनी कामातून उरलेले तुकडे वाया न घालवता फरशीत बसवले, तिथून हे निघालं. मुंबईत १९२२ साली, स्वदेशीच्या वातावरणात, फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स सुरू केली. १९५९ पर्यंत अशा सिमेंटच्या लाद्यांसाठी आयएस १२३७ हे भारतीय मानकही निघालं होतं. शाळा, बँका, दवाखाने, सरकारी वसाहती, सगळीकडे हेच ठिपके.

खेड्यात ते उशिरा पोचले. आजीच्या काळी आमच्याकडे शेणाने सारवलेली जमीन होती. ज्यांना जमे ते शहाबादी टाकत. शहाबाद तर आमच्याच लोहमार्गावर, गुलबर्ग्याच्या पुढे. आई लग्न होऊन आली तेव्हा आठवड्यातून दोनदा सारवण तिच्या वाट्याला आलं. पावसाळ्यात जमीन वाळत नसे, बोटांना चिरा पडत. चार वर्षांनी तिने माहेरच्या पाटल्या मोडल्या आणि फरशी घातली. ही हकीकत आम्हा भावंडांना त्या जेवणाच्या रात्री पहिल्यांदा कळली.

फरशी अंध झाली ती मात्र आमच्याच हातून. १९९९ साली बहिणीच्या लग्नाआधी वडिलांनी संडास धुवायचं अ‍ॅसिड बादलीत ओतून सगळं घर धुऊन काढलं. संगमरवर काय, सिमेंट काय, आम्लापुढे दोन्ही विरघळतात. फेस आला, आम्हाला वाटलं मळ निघतोय. निघत होती ती फरशीच. लिंबू, व्हिनेगर यांचंही तेच, फक्त हळू. ओट्याचा कडप्पासुद्धा चुनखडीच्याच जातीचा, त्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी पांढुरका गोल दिसतो. (आमच्या ओट्यावर असे सात आहेत, मी मोजलेत.)

हळदीचं कोडं मला आवडतं. सांडलेल्या हळदीवर साबण लावला की डाग लाल होतो आणि घरात आरडाओरडा होतो. घाबरायचं कारण नाही. हळदीला चुन्याची संगत मिळाली की कुंकू होतं, हे आपल्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे. साबणही चुन्यासारखाच क्षारधर्मी. पाण्याने पुसावं, जमलं तर ऊन लागू द्यावं, हळदीचा रंग उन्हात उडतो. रोजच्यासाठी साधं पाणी, फार तर सौम्य साबणाचं, आणि लगेच कोरडं फडकं. बोअरचं जड पाणी फरशीवरच वाळलं की क्षाराचा पांढरा थर धरतो.

शेवटी पॉलिशवाले दोघे आले. जुन्या लाद्या बघून त्यातला थोरला म्हणाला, "मावशी, माल चांगलाय, अजून दोनदा घासली तरी दम आहे." मशीन पाण्यावर चालतं, म्हणून धूळ नाही, पण करडा चिखल घोट्यापर्यंत. आधी भरड दगड, मग लादीच्या रंगाचं सिमेंट बारीक भोकांत भरून दोन-तीन दिवस थांबायचं. मग १२० नंबरचा, मग ३२० चा. शेवटी ऑक्झॅलिकची पावडर. हेही आम्लच, तरी याने चकाकी येते, कारण ते चुन्याशी मिळून न विरघळणारा पातळ थर धरतं. चिखल मोरीत सोडू नका, आत सिमेंट आहे, पाइप कायमचा बसेल. आम्ही तो पोत्यांत भरून वाळवला.

सोपा आणि माजघर उजळलं. स्वयंपाकघरातल्या आठ लाद्या इतक्या खाल्ल्या गेल्या होत्या की बदलाव्याच लागल्या. तसा ठिपका आता मिळत नाही, त्यामुळे तिथे वेगळा चौकोन दिसतो. भावाने त्यावर फ्रीज ठेवला. आईने तो पुन्हा जुन्या जागी सरकवायला लावला.